मोटारसायकलचा काळा लेप आणि त्याचा खर्च

वाराणसीत ब्रह्माघाट व दुर्गाघाट या भागांत महाराष्ट्रीय कुटुंबांची जुनी वस्ती आहे. घाटांकडे उतरणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद, की तेथे दुचाकीच काय ती जाते, आणि तीही भिंतीस अंग घासत. त्यात गंगाकाठची पावसाळी हवा. रंग खरचटला, की तेथे गंज धरतो. म्हणून चौकट, स्टँड, हँडल असे भाग काढून त्यांवर काळे पावडर कोटिंग करून घ्यावे, असा विचार मनात येतो. आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो खर्चाचा.

दर कोठे नगावर, कोठे क्षेत्रफळावर, तर कोठे वजनावर सांगतात. मात्र पैसा नेमका कशात जातो, हे आधी समजून घेणे हिताचे. पावडर फार थोडी लागते. लेपाची जाडी साधारणतः 60 ते 80 मायक्रॉन. त्या हिशेबाने एक चौरस मीटर पृष्ठभागावर शंभर ग्रॅमच्या आसपास पावडर राहते. पैसा जातो तो साफसफाईत. तेल धुऊन काढणे, जुना रंग व गंज बारीक कणांच्या माऱ्याने खरवडणे, बोल्टचे आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकणे, हे सारे हातचे काम. त्यानंतर विद्युतभारित पावडर फवारतात. ती धातूस चिकटते आणि सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून एकजीव होते. काशीला हा प्रकार अगदीच परका नव्हे. येथील गुलाबी मीनाकारीतही काचेची रंगीत पूड धातूवर भाजूनच बसवितात.

काळ्या रंगास मागणी मोठी. त्यामुळे फवारणीची जागा रंग बदलण्यासाठी वारंवार स्वच्छ करावी लागत नाही, आणि काळे काम इतर रंगांहून बहुधा स्वस्त पडते.

परंतु ग्राहकाने दरासाठी फारच ओढाताण केली, तर काटकसर होते ती धुण्याखरवडण्यात. त्या दिवशी लेप तितकाच चकचकीत दिसतो! पावसाळ्यात उघडे पोलाद काही तासांतच तांबूस पडू लागते. त्यावर तसाच लेप दिला, तर गंज आतल्या आत पसरतो व एके दिवशी काळी पापडी नखाने सुटून येते. मग तो लेप उतरविण्याचा खर्च निराळा.

काही भागांच्या बाबतीत प्रश्न पैशापुरता राहत नाही. तेल व वायू भरलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर न उघडता भट्टीत घातल्यास तो फुटू शकतो; पेट्रोलची वाफ राहिलेली टाकीही तितकीच धोक्याची. सायलेन्सरच्या उष्णतेत साधी पावडर टिकत नाही. चौकटीवर कोरलेला क्रमांक माऱ्याने झिजता अथवा लेपाखाली बुजता कामा नये, कारण नोंदणीच्या कागदाशी तो ताडून पाहिला जातो.

काम सोपविताना गंज कोणत्या पद्धतीने काढणार, आटे झाकणार काय, आणि भाग सुटे करून पुन्हा जोडण्याची मजुरी सांगितलेल्या दरात धरली आहे काय, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावे.