गर्दचे व्यसन आणि न्यायालय : शिक्षेपूर्वी उपचाराची तरतूद

गर्दची पुडी खिशात सापडली, पोलिसांनी न्यायालयापुढे उभे केले, म्हणजे व्यसनी माणसाला कारागृहाखेरीज दुसरी वाट उरत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. आईवडील तसे समजतात, शेजारीपाजारी तसे समजतात आणि पुष्कळदा वकीलही उपचाराचा विषय न काढता, गुन्हा कबूल करून दंडावर प्रकरण मिटवावे, असा सल्ला देतात. वस्तुतः ज्या अधिनियमान्वये त्या माणसावर खटला भरला जातो, त्याच अधिनियमात त्याला रुग्णालयाकडे नेणारी दोन कलमे आहेत. त्यांचा उपयोग व्हावयाचा, तर ती आरोपीच्या घरच्या माणसांना ठाऊक असली पाहिजेत.

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा तो कायदा होय. त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला तो अंमलात आला. तत्पूर्वी अफूविषयी १८५७ व १८७८ चे, तर घातक औषधिद्रव्यांविषयी १९३० चा, असे ब्रिटिश अमदानीतील कायदे लागू होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांतून पसरलेल्या गर्दला तोंड देण्यास ते अपुरे होते. गर्द किंवा ब्राऊन शुगर म्हणजे अशुद्ध, भेसळयुक्त हेरॉईन. अफूपासून मॉर्फीन आणि मॉर्फीनपासून हेरॉईन तयार होते. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हे आज खरेही वाटणार नाही.

अधिनियमाच्या कलम २७ अन्वये हेरॉईनचे सेवन हा गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्प प्रमाणात हेरॉईन जवळ बाळगल्यासही कारावासाची मर्यादा एक वर्षच आहे. हेरॉईनचे अल्प प्रमाण म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत, असे २००१ च्या अधिसूचनेने ठरविले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पुडीतील शुद्ध हेरॉईन तेवढे मोजावे की भेसळीसह सर्व भुकटी, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणी संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे, असा निर्णय दिला. साहजिकच चार-आठ दिवसांचा साठा जवळ ठेवणारा व्यसनी पाच ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडू शकतो. ती ओलांडली की बाळगण्याच्या गुन्ह्यापुरती पुढील दोन्ही कलमांची सवलत त्याला मिळत नाही.

पहिली सवलत कलम ३९ ची. व्यसनी व्यक्ती सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरल्यावर, तिचे वय, चारित्र्य, पूर्ववृत्त आणि शारीरिक वा मानसिक स्थिती लक्षात घेऊन, न्यायालय तत्काळ कारावासाची शिक्षा न देता तिला उपचारासाठी मोकळे करू शकते. उपचार शासनाच्या किंवा शासनमान्य रुग्णालयात अथवा संस्थेत व्हावयास हवेत. त्यासाठी विहित नमुन्यातील बंधपत्र लिहून द्यावे लागते. एक वर्षाच्या आत न्यायालयापुढे हजर राहून उपचाराच्या फलिताचा अहवाल सादर करावयाचा आणि दरम्यान या अधिनियमाखालील कोणताही गुन्हा करावयाचा नाही, ही त्यातील अट. अहवाल समाधानकारक वाटल्यास न्यायालय समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या नव्या बंधपत्रावर त्या व्यक्तीस मुक्त करू शकते. अट मोडल्यास मात्र शिक्षा ऐकण्यासाठी पुन्हा उभे राहावे लागते.

दुसरी सवलत कलम ६४क ची असून ती अधिक लवकर हाती येते. अशाच गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार मागितले आणि घेतले, तर तिच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालविता येत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. दोषी ठरण्याचा कलंकच टळत असल्याने तरुण आरोपीच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. परंतु खटला निकालाला आल्यावर तिची आठवण होऊन फारसा उपयोग नाही.

कलम ३९ मधील ‘त्याच्या संमतीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘न्यायालयाने डांबून ठेवून मुलाला बरे करावे’ अशी अपेक्षा थकलेले आईबाप बाळगतात. ती समजण्याजोगी असली तरी या कलमात बसत नाही. न्यायालय निवड पुढे ठेवते, होकार आरोपीचा असावा लागतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्थांनाही लागू आहे. त्यामुळे उपचाराच्या नावाखाली साखळीने बांधणे किंवा मारहाण करणे, हे कोणत्याही केंद्राला करता येत नाही.

उपचारांचे स्वरूपही थोडे समजून घ्यावे. शेवटच्या सेवनानंतर साधारणतः सहा ते बारा तासांत, व्यसनी मंडळी ज्याला ‘टर्की’ म्हणतात, तो त्रास सुरू होतो. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, निद्रानाश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोचतो आणि आठवडाभरात बहुतांशी ओसरतो. औषधांच्या साहाय्याने हा काळ सुसह्य होतो. कुटुंबाची फसगत होते ती येथेच. मुलगा जेवू लागला, झोपू लागला, म्हणजे बरा झाला असे मानून त्याला घरी आणले जाते. प्रत्यक्षात ओढ महिनोन्‌महिने टिकते आणि जुना मित्र, जुना नाका, हातात आलेला पगार एवढे कारण तिला पुरते. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि केंद्रातून गेल्यानंतरचा पाठपुरावा यांवर भर दिला, तो याच कारणास्तव.

काही रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली दीर्घकाळ जिभेखाली दिली जाते. ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी त्या गोळीवर कामावर नियमित जाणारा माणूस आणि गर्दसाठी घरातील भांडी विकणारा माणूस यांची तुलना करून पाहावी.

याउलट, केवळ कारावासात एक मोठा धोका दडलेला आहे. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची ती सोसण्याची शक्ती घटते. बाहेर पडताच पूर्वीइतकीच मात्रा घेणाऱ्याचा श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यालाही हीच भीती असते. म्हणून पुन्हा घसरण झाली, तर ती लपवून न ठेवता तत्काळ डॉक्टरांना सांगणे श्रेयस्कर. कायद्याची अडचण मात्र येथे शिल्लक राहते. वैद्यकशास्त्र घसरणीला या आजाराचा अपेक्षित टप्पा मानते, तर कायद्याच्या दृष्टीने सेवन हाच गुन्हा असल्याने बंधपत्राचा तो भंग ठरू शकतो. अमेरिकेत मायामी येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश स्वतः रुग्णाला वारंवार बोलावून प्रगती पाहत. आपल्या कलम ३९ मध्ये अशा वारंवार भेटींची योजना नाही; तेथे सारी भिस्त अहवालावर आहे. मधल्या घसरणीनंतर रुग्ण पुन्हा उपचाराला आला, हे डॉक्टरांनी त्यात स्पष्ट नोंदविले, तर न्यायालयाला परिस्थितीचे यथार्थ आकलन होऊ शकते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, अफूजन्य पदार्थांच्या वापरामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या देशात सुमारे ७७ लाख आहे.

ज्यांच्या घरातील व्यक्तीवर असा खटला असेल, त्यांनी प्रथम वकिलास कलम ६४क व कलम ३९ विषयी विचारावे. या सवलती ‘व्यसनी’ व्यक्तीसाठी, म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेल्या व्यक्तीसाठी आहेत. कधीमधी सेवन करणाऱ्यासाठी नाहीत. यास्तव शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र, पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे आणि दाखल करून घेण्यास तयार असलेल्या केंद्राचे पत्र जवळ असावे. ते केंद्र शासनमान्य असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. वकील देण्याची ऐपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला ही मदत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. व्यसनमुक्तीविषयी मार्गदर्शनासाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.