परिचालन प्रणालीतील बदल व खाजगी ध्वनिचित्रप्रती

परिचालन प्रणालीतील बदल व खाजगी ध्वनिचित्रप्रती : संगणकाची स्मृती, तबकड्या, पडदा इ. भागांचे नियंत्रण करून त्यांवर इतर कार्यक्रम चालविणाऱ्या मूलभूत कार्यक्रमसंचाला परिचालन प्रणाली म्हणतात. विंडोज, मॅकओएस व लिनक्स या परिचित प्रणाली होत. जुन्या आवृत्तीच्या जागी नवी बसविल्यास घरातील गाणी, छायाचित्रे व चित्रफिती यांच्या प्रती काढण्यावर बंधन येते काय, हा प्रश्न २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा ही आवृत्ती सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली, त्या सुमारास बराच चर्चिला गेला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर तो पुन्हा अनेकांपुढे उभा राहिला.

प्रत काढणे ही परिचालन प्रणालीच्या दृष्टीने यांत्रिक क्रिया आहे. एका ठिकाणचे अंक वाचून ते दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे लिहिले जातात. ते लग्नाच्या चित्रफितीचे की हिशेबाच्या वहीचे, याची विचारपूस प्रणाली करीत नाही. त्यामुळे स्वतः चित्रित वा ध्वनिमुद्रित केलेल्या, कोणतेही कुलूप नसलेल्या फाइलीवर नवी आवृत्ती बंधन आणीत नाही. बंधन असते ते फाइलीतच. विक्रीचे गाणे वा चित्रपट कूटबद्ध करून त्याची किल्ली स्वतंत्र परवान्यात ठेवतात आणि तो परवाना विशिष्ट संगणकाशी जखडलेला असतो. अशा फाइलीचीही प्रत निघते; पण परवान्यावाचून ती वाजत नाही. प्रत निघणे आणि ती उपयोगी पडणे या दोन गोष्टी एकच मानल्यामुळे या विषयातील बहुतेक गैरसमज निर्माण झाले आहेत.

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील, भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणाऱ्या मुर्धा या गावातील एखाद्या आगरी घरचा संग्रह कल्पिला, तर हा भेद स्पष्ट होतो. आगरी लग्नात धवलारीण विधींच्या वेळी धवले गाते. हे धवले मौखिक परंपरेचे असल्यामुळे, एखाद्या वृद्ध धवलारणीच्या आवाजातील घरगुती ध्वनिमुद्रण गेले, तर ते बाजारातून परत आणता येत नाही. असे ध्वनिमुद्रण, लग्नाची डीव्हीडी, विकतच्या सीडींवरून संगणकात उतरविलेली गाणी आणि मोबाइलवर काढलेली छायाचित्रे अशा चार जिनसा त्या संग्रहात असल्या, तर प्रत्येकीची गत निराळी होईल. छायाचित्रांना काहीच होत नाही.

सर्वांत अधिक झळ सीडीवरून उतरविलेल्या गाण्यांना बसली. विंडोज एक्सपीच्या (२००१) काळातील विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडी उतरविताना प्रत-संरक्षण लावण्याचा पर्याय होता. तो चालू असल्यास, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सीडीवरून स्वतःच तयार केलेली फाइलही त्या एका संगणकाशी जखडली जाई. परवान्यांची राखीव प्रत काढण्याची पूर्वीची सोय २००६ च्या अकराव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. पुढे ऑगस्ट २०१६ मधील विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीने ही संरक्षणपद्धतीच वगळली आणि अशा फाइली मुक्या झाल्या. संरक्षण काढून टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक साधन उपलब्ध केले होते. तथापि मूळ सीडी हाताशी असेल, तर ती संरक्षणाशिवाय पुन्हा उतरविणे केव्हाही सोपे. महाजालावर विकत घेतलेल्या गाण्यांच्या बाबतीत मूळ सीडीच नसते. मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएन म्युझिक या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांना कळविले, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी परवाने मिळणार नाहीत. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढविण्यात आली. प्रती काढण्यास येथे कोणी मनाई केली नव्हती. किल्ली देणारी खिडकी तेवढी बंद होत होती.

व्हिस्टाविषयीचा वाद याहून वेगळा होता. अतिस्पष्ट चित्रपट तबकडीपासून पडद्यापर्यंत संरक्षित मार्गाने नेण्याची योजना तीत होती आणि मार्ग सुरक्षित नसल्यास चित्राची स्पष्टता कमी करता येई. ऑक्लंड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ पीटर गटमन यांनी डिसेंबर २००६ मध्ये यावर कठोर टीका केली. या योजनेचा भुर्दंड यंत्रसामग्री बनविणाऱ्यांना व अखेर सर्व ग्राहकांना पडेल, असा तिचा रोख होता. चित्रपटाच्या मालकाने मागणी केली असेल तरच ही यंत्रणा जागी होते, असे उत्तर मायक्रोसॉफ्टने दिले. टीका खर्चाविषयी होती आणि उत्तर वापराविषयी. दोन्हींची सरमिसळ होऊन व्हिस्टा घरच्या चित्रफितीही उतरवू देत नाही, अशी निराधार समजूत पसरली.

लग्नाच्या डीव्हीडीचे दुखणे साधे आहे. विंडोज ८ पासून (२०१२) डीव्हीडी दाखविण्याची अंगभूत सोय वगळण्यात आली, म्हणून तबकडी बिघडली किंवा तिच्यावर बंदी आली, असे वाटते. छायाचित्रकाराने दिलेली डीव्हीडी सहसा कूटबद्ध नसते; तिच्यातील फाइली सरळ उतरविता येतात व व्हीएलसीसारख्या विनामूल्य कार्यक्रमाने पाहता येतात. मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीनेही काही जुन्या चित्रफितींची वाचनपद्धती अशीच सोडून दिली.

धवल्यांच्या ध्वनिमुद्रणाला धोका आहे, तो भलत्याच बाजूने. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने बसविलेल्या बहुतेक संगणकांची तबकडी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच आपोआप कूटबद्ध होते. संगणक चालू असताना बाहेरच्या तबकडीवर काढलेली प्रत खुलीच राहते. परंतु संगणक बिघडला आणि पुनःप्राप्तीची किल्ली सापडली नाही, तर आतले काहीच वाचता येत नाही. जुनी तबकडी पुसून नवी प्रणाली बसविण्यापूर्वी वेगळ्या तबकडीवर प्रत काढून ती दुसऱ्या संगणकावर वाजवून पाहणे, हाच यावर खात्रीचा उपाय.

कायद्याने खाजगी प्रतीला भारतात बरीच मोकळीक आहे. लेखाधिकार अधिनियम, १९५७ यातील २०१२ च्या दुरुस्तीने वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराची मुभा संगणक-कार्यक्रम सोडून सर्व कृतींना लागू केली. तिनेच घातलेल्या कलम ६५ अ नुसार तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा आहे, पण तो हक्कभंगाच्या हेतूने तोडले असल्यास. मोबदला देऊन करवून घेतलेल्या लग्नाच्या चित्रफितीचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, ती करवून घेणाराच असतो. चित्रफितीत जोडलेल्या चित्रपटगीतांचा हक्क मात्र त्यांच्या मूळ मालकांकडेच राहतो.