'बोलण्यापुरता' फोन आता उरलाय कुठे?

शब्दांचं एक बरं असतं. वस्तू बदलली तरी शब्द आपली जागा सहसा सोडत नाहीत. 'तेल'च घ्या. हा शब्द आला तिळावरून. तिळाचं ते तेल. पण आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतो, करडईचं म्हणतो, शिलाई मशीनमध्ये घालतो तेही तेलच. 'शाई'चं मूळ फारसीतल्या 'सियाही'त, म्हणजे काळेपणात. तरी प्रगतिपुस्तकावर लाल शाईचा शेरा आला की आपल्याला शाईचा रंग आठवत नाही, शेरा तेवढा बोचतो! आणि घरोघरी गॅस येऊन इतकी वर्षं झाली, तरी भाऊ-भाऊ वेगळे झाले की 'चूल वेगळी झाली' असंच म्हणतात.

मोबाईलचंही तसंच झालंय. आपण अजून फोन 'लावतो', 'उचलतो' आणि बोलणं संपलं की 'ठेवतो'. आता उचलायला तो काळा जड रिसीव्हर कुठे आहे, आणि ठेवायला तो खालचा डबा तरी कुठे? काही घरांत आजी अजून 'नंबर फिरव गं जरा' म्हणतात. फिरवायची ती तबकडी नातवंडांनी बघितलेलीसुद्धा नाही. तरी काही अडत नाही. सगळ्यांना सगळं कळतं.

पण एका बाबतीत मात्र अडतंय, आणि ते अडणं आपल्या बायकांच्या वाट्याला जास्त येतंय. म्हणून आज या नावाबद्दल थोडं बोलू या.

नावं आली तशी

'फोन' हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ आवाज. 'टेलिफोन' म्हणजे लांबचा आवाज. आपल्याकडचा 'दूरध्वनी' अगदी त्याच अर्थाचा. पुढे तारेशिवाय फोन आला तेव्हा त्याला 'भ्रमणध्वनी' म्हटलं गेलं, फिरता आवाज. हा शब्द सरकारी पत्रात, लग्नपत्रिकेत आणि दुकानाच्या पाटीवर दिसतो. घरात मात्र कुणी 'माझा भ्रमणध्वनी चार्जिंगला लाव' असं म्हणत नाही. 'मोबाईल' म्हणजे फिरता, हलता. 'सेलफोन'मधला 'सेल' म्हणजे मधाच्या पोळ्यातलं घर असतं तसा भाग. प्रत्येक टॉवर आजूबाजूच्या एका भागाला पुरतो, असे भाग एकमेकांना लागून असतात, आणि आपण एसटीने जाताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. जर्मनीत त्याला 'हँडी' म्हणतात, चिनी भाषेत 'शौजी', म्हणजे हातातलं यंत्र, आणि जपानी 'केइताई'चा अर्थ सोबत बाळगायचं असं काहीतरी.

बघा, या सगळ्या नावांत दोनच गोष्टी आहेत. एक तर आवाज, नाहीतर बरोबर घेऊन फिरणं.

नावं पडली तेव्हा ती बरोबरच होती. भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळात मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत, आणि आलेल्या फोनलाही पैसे मोजावे लागत! आलेला फोन फुकट झाला तो २००३ साली. 'पोचल्यावर एक मिस्ड कॉल दे' ही युक्तीही बोलणं महाग होतं म्हणूनच निघाली. तेव्हा मोबाईल म्हणजे बोलायचं यंत्र, यात शंकाच नव्हती.

आता दिवसभर काय करतो तो?

सकाळी पंचांग आणि चतुर्थीचा चंद्रोदय मोबाईलवर बघायचा. दूधवाल्याचे पैसे त्यावरूनच द्यायचे. गॅसचा नंबर लावायचा. शाळेच्या ग्रुपवर उद्या डब्याला काय द्यायचं त्याची सूचना येते. भाजीवाल्या मावशींच्या पाटीला क्यूआर कोडचा पुठ्ठा बांधलेला असतो. बचत गटाच्या बैठकीचा फोटो पाठवायचा असतो. कुणी घरी केलेल्या मसाल्याच्या, पापडाच्या ऑर्डरी त्यावरच घेते. भजन मंडळात आता वहीच्या जागी मोबाईल धरून म्हणतात. आणि लाईट गेली की तीच बॅटरी.

यात बोलणं किती? त्यातलंही निम्मं व्हॉट्सॲपवर, लिहून नाहीतर व्हॉइस मेसेजने.

मग याला म्हणायचं काय? बटवा म्हणावं तर त्यात सातबाराही आहे. कागदपत्रांची पेटी म्हणावं तर त्यात कीर्तनही लागतं. वही, रेडिओ, टीव्ही, घड्याळ, कॅमेरा, पासबुक, सगळंच आहे. 'स्मार्टफोन' म्हणून पाहिलं, तरी मागे 'फोन' राहिलाच. गावाकडे तर सरळ दोनच जाती आहेत, 'साधा मोबाईल' आणि 'मोठा मोबाईल'. मला विचाराल तर हीच नावं जास्त खरी आहेत. त्यात निदान दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत एवढं तरी कबूल केलंय.

नावात काय बिघडलं?

तुम्ही म्हणाल, तिळाशिवायचं तेल चालतं, तर हेही चालू दे की. चाललं असतं. पण 'फोन' म्हटलं की घरात तो कुणाला लागतो, याचा हिशोब बोलण्यावरून होतो.

"अगं, तुला कशाला मोठा फोन? तुला बोलायला आहे ना तो."

"आई, माझा जुना घे. स्क्रीनला तडा गेलाय, पण बोलायला चालतोय."

"दिवसभर घरीच तर असतेस, तुला कुणाला फोन करायचा असतो?"

हे बोलणारे वाईट असतात असं नाही. मुलगा प्रेमानेच देतो. पण बोलण्याच्या हिशोबाने पाहिलं तर बाईची गरज सगळ्यात कमी दिसते. म्हणून फोन आधी यजमानांना, मग कॉलेजच्या मुलाला, मग मुलीला, आणि उरलासुरला आईला. पूर्वी पोळी वाढायचा जो क्रम होता, तोच!

आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाईल असणाऱ्या बायका देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. शहरांत ६९ टक्के, खेड्यांत ४७ च्या आसपास. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. त्याच काळात, २०२० साली, शाळा बंद झाल्या आणि वर्गच मोबाईलवर भरू लागला. एक मोबाईल आणि शिकणारी दोन-तीन भावंडं अशी ओढाताण किती घरांनी पाहिली! आणि मुलीच्या हातात मोबाईल दिसला की पहिला प्रश्न अजून तोच, "कुणाशी बोलते गं?" ती कदाचित पोलीस भरतीचे प्रश्न सोडवत असेल, पण हातात 'फोन' आहे म्हणजे बोलतच असणार!

नंबर कुणाचा, त्याची किल्ली

खरी गोम आहे ती ओटीपीत. बँक, आधार, गॅस, सरकारी योजना, कुठलंही काम असो, शेवटी सहा आकडे येतात ते एका नंबरवर. तो नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात त्या कामाची किल्ली. आणि आपल्याकडे कित्येक बायकांच्या खात्याला, आधारला नंबर आहे तो नवऱ्याचा, मुलाचा नाहीतर दिराचा. का? तर फॉर्म भरताना 'फोन नंबर' असं लिहिलेलं होतं. घरात जो फोन उचलतो त्याचा नंबर घातला. संपर्कासाठी म्हणून घातलेला नंबर पुढे कुलूप होऊन बसेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जाणवलं. २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येणार होता. आता समजा आई गावात सेतू केंद्राच्या रांगेत उभी आहे, आणि नंबर आहे पुण्यात कंपनीत शिफ्टला गेलेल्या मुलाचा. मुलगा लॉकरमध्ये फोन ठेवून कामावर. ओटीपी येतो, दहा मिनिटांत निरुपयोगी होतो. आईचा दिवस गेला आणि मजुरीही.

नवरा गेल्यावर तर याहून अवघड. घरात रडारड, पाहुणे, दिवसकार्य. त्यांच्या मोबाईलचा रिचार्ज मारायचं कुणाला सुचणार? तीन महिने न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. बाईचं स्वतःचं खातं त्या नंबराला जोडलेलं असेल, तर तिच्या खात्याचे मेसेज येणं थांबतं. तिला कळतं ते बँकेत गेल्यावर.

आपल्या अंगणवाडी सेविकांना ही गोष्ट फार आधी कळली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. ते मोबाईल नीट चालत नव्हते, आणि 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत होतं, ही त्यांची मुख्य तक्रार होती. बाहेरच्या माणसाला वाटलं, फोनवरून कसलं आंदोलन! पण त्यांच्या हातात होतं ते कामाचं रजिस्टर. ते बिघडलेलं आणि न कळणाऱ्या भाषेतलं कसं चालेल?

सांभाळायचं कसं, तेही नावावरच

याची दुसरी बाजूही आहे. 'फोन'च तर आहे म्हणून आपण तो कुणाच्याही हाती देतो. बाळ जेवत नाही, दे फोन. रिचार्जवाल्या पोराला म्हणतो, "बघ रे बाबा, काय झालंय त्याला," आणि लॉक उघडून देतो. कुणी गोड आवाजात 'बँकेतून बोलतोय' म्हणालं की नंबर वाचून दाखवतो. तिजोरीची किल्ली अशी कुणाला देऊ का आपण? मग पैसे गेले की घरातले म्हणतात, "म्हणूनच सांगत होतो, तुला नको मोठा फोन." पैसे पुरुषांचेही जातात, पण त्यांचा फोन कुणी काढून घेत नाही.

आणि सगळ्यांनी महागडा मोबाईलच घ्यावा, असं मुळीच नाही. ज्यांना बटणांचाच सोयीचा वाटतो त्यांनी तोच वापरावा. ओटीपी साध्या फोनवरही येतो. २०२२ पासून साध्या फोनवरून यूपीआयने पैसे देण्याचीही सोय झाली आहे. मुद्दा मोबाईलच्या आकाराचा नाही, नंबर आपला असण्याचा आहे. सिमकार्डमधल्या 'सिम'चं मधलं अक्षर 'आयडेंटिटी'चं आहे, म्हणजे ओळखीचं. एवढ्या सगळ्या नावांत एका नखाएवढ्या कार्डाचं नाव तेवढं अजून अचूक राहिलंय.

तेव्हा मैत्रिणींनो, एक दुपार काढा आणि एवढं करा.

पासबुक घेऊन बँकेत जा आणि आपल्या खात्याला कुठला नंबर आहे ते विचारा. आपला नसेल तर बदलायचा अर्ज द्या. आधारचा नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो. गॅस आणि रेशनचंही बघून घ्या.

सिम शक्यतो आपल्या नावावर घ्या. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर दिसतं. हरवलेला मोबाईल बंद करायची सोयही तिथेच आहे.

मोबाईलच्या लॉकचा आकडा आणि पैशांचा पिन वेगळा ठेवा, आणि पिन मुलांनाही सांगू नका. एक लक्षात ठेवा, आपल्याला पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणणारा हमखास लबाड. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दूध आणि गॅसच्या तारखेशेजारी. तो चैनीचा खर्च नाही, घरखर्चच आहे.

नावाचं म्हणाल तर 'फोन' हे नाव राहील, 'मोबाईल'ही राहील. तिळाशिवायच्या तेलासारखी ती आपल्या तोंडी बसली आहेत, ती बदलायला जाण्यात अर्थ नाही. पण पुढच्या दिवाळीला घरात नवीन मोबाईल घ्यायची चर्चा निघाली आणि कुणी म्हणालं, "तुला बोलायला आहे ना," तर तिथे गप्प बसू नका. "बोलायला आहे हो," म्हणा, "पण माझं बँकेचं खातं, माझं आधार आणि गटाचा हिशोब कशावर ठेवू, ते सांगा." चर्चा तिथून सुरू होऊ दे.