नाग नदी : भूगोल आणि नामविचार

प्रस्तावना

स्थाननामांच्या अभ्यासात नदीनामांना विशेष महत्त्व असते. वसाहती उठतात, राजधान्या बदलतात. नदीचे नाव मात्र सहसा टिकून राहते. या घटकात आपण नागपूरच्या नाग नदीचा विचार करू.

भौगोलिक स्वरूप

नागपूरच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांत ही नदी उगम पावते. अंबाझरी तलावातून पुढे निघून ती सुमारे १७ किलोमीटर शहरातून पूर्वेकडे वाहते. पुढे पिवळी नदीला सोबत घेऊन ती कन्हानला मिळते. कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या क्रमाने तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते.

नाग ही मूळची हंगामी नदी होय. तिचे पाणलोट क्षेत्र लहान आहे, पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उगमाकडील कठीण बेसाल्ट खडकात पाणी फारसे साठत नाही. त्यामुळे पावसाळा सरला की प्रवाह क्षीण व्हावा, हे स्वाभाविक. आज मात्र ती वैशाखातही वाहताना दिसते. ते पाणी झऱ्यांचे नसून प्रामुख्याने शहराच्या सांडपाण्याचे असते.

नामविचार

नदीवरून शहरास नागपूर हे नाव मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. नागमोडी वळणांमुळे ती ‘नाग’, ही लोकव्युत्पत्ती होय. दुसरे मत या नावाचा संबंध नागपूजक लोकांशी जोडते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी येथील वाड्या एकत्र करून शहर वसविले. परंतु राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या इ. स. ९४० च्या देवळी ताम्रपटात ‘नागपूर-नंदिवर्धन’ असा प्रदेशाचा उल्लेख येतो. म्हणजे ‘नागपूर’ हे नाव बख्त बुलंदाच्या शहराहून बरेच जुने आहे. तथापि ते नदीवरूनच पडले, हे त्या उल्लेखाने सिद्ध होत नाही. पुरावा आणि अनुमान यांतील हा भेद अभ्यासकाने नेहमी ध्यानात ठेवावा.

नदी की नाला?

‘नाग नदी’ या नावातील ‘नाग’ हे विशेषनाम टिकले. बोलण्यात मात्र ‘नदी’च्या जागी ‘नाला’ आला. हा बदल केवळ शब्दाचा नाही. नदीला काठ असतो, पूर असतो, तिच्यासाठी जागा सोडावी लागते. नाल्याकडून केवळ घाण वाहून नेण्याची अपेक्षा असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ज्या प्रवाहाला लोक नाला म्हणत होते, तो नदीच आहे, याची जाणीव त्या दिवशी झाली.

सारांश

नदीचे नाव तिचा इतिहास सुचविते. त्या नावापुढे आपण लावलेला ‘नदी’ वा ‘नाला’ हा शब्द आपली दृष्टी प्रकट करतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नाग नदी मूळची हंगामी का, ते स्पष्ट करा.
२. ‘नागपूर’ या नावाविषयीचा पुरावा आणि लोकव्युत्पत्ती यांतील फरक सांगा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या ओढ्याचे वा नदीचे नाव वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्या आणि त्यावर टिपण लिहा.