दिवाळीचा किल्ला : लेखांक 3 – सुवर्णदुर्ग आणि त्याचे प्रमाण

गेल्या लेखांकात अंगणातील जागेची निवड आणि मातीची मळणी यांचा विचार झाला. आता ज्या प्रश्नाच्या उत्तरावर किल्ल्याचे सारे यश अवलंबून असते, त्या प्रमाणाच्या प्रश्नाकडे वळू. बाजारातून आणलेला तीन इंची मावळा तटावर उभा केला, की तट त्याच्या कमरेएवढाच भरतो, आणि दुर्गरचनेमागील युद्धशास्त्र त्या शोभेखाली लोपून जाते.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्गाचे उदाहरण घ्यावे. दापोली तालुक्यात हर्णैच्या बंदरासमोर, सुमारे पाव मैल पाण्यापलीकडे, खडकाळ बेटावर आठ एकरांच्या आसपास विस्तारलेला हा जंजिरा एकटा कधीच नव्हता; किनाऱ्यावरील कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा ही तीन ठाणी त्याच्या पाठीशी होती. एप्रिल 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम केली, तेव्हा कमोडोर जेम्सने प्रथम खुल्या समुद्राच्या अंगाने तोफा डागल्या. परंतु मूळ खडकातच तासलेला तो तट दाद देईना, सबब त्याने जहाज किल्ला आणि किनारा यांमधील पाण्यात आणले, आणि आतील दारूगोळ्यास आग लागून किल्ला पडला. ज्या पाण्यावर लढाईचा निकाल लागला, ते पाणी प्रतिकृतीत वीतभर दाखवून चालणार नाही.

म्हणून 200 फुटांस एक फूट हे प्रमाण मुक्रर करावे. त्यायोगे पाव मैलाचे पाणी साडेसहा फुटांत येते, आठ एकरांचा किल्ला पावणेनऊ चौरस फुटांत मावतो, आणि तटाची उंची 30 फूट धरल्यास ती पावणेदोन इंचांहून किंचित अधिक भरते. माणूस मात्र इंचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच उरतो. तेव्हा मावळ्यांच्या जागी सालीसकट भाताचे दाणे ओल्या मातीत उभे रोवावेत. बाजारचा मावळा या हिशेबाने 50 फुटी राक्षस ठरतो. त्यास किल्ल्याबाहेर मानाने स्थान द्यावे.

सामग्रीसाठी दूर जावयास नको. बेटाच्या खडकास काळ्या कातळाच्या कपच्या लावाव्यात, किनाऱ्याच्या टेकडीस जांभ्याचे खडे. तटाच्या मातीत भाताचे तूस आणि चाळलेली वाळू मिसळावी, कारण नुसती माती वाळताना आकसते आणि बुरुजांना तडे जातात. शिवाय तट एकाच वेळी न उचलता थरांवर थर चढवावा. समुद्रासाठी पाणी भरू नये, ते पायथा विरघळवते. मांडवीच्या काळ्या समुद्राची मूठभर वाळू खोल पाण्यास आणि मुरुगवाड्याच्या पांढऱ्या समुद्राची किनाऱ्यास पुरते. पावसाळा सरल्यावर गडग्यांवर जे शेवाळ असते, त्याचे पातळ पापुद्रे गवत म्हणून बसवावेत. अळीव वा मोहरी सर्रास पेरू नये. इंचभर रोप या प्रमाणात सुमारे 17 फुटी वृक्ष होतो, म्हणून ती झाडे हवीत तेथेच मोजकी रुजवावीत. महाद्वार पूर्वेस, किनाऱ्याकडे तोंड करून, बुरुजांच्या आड लपलेले असावे. ते समोरून एकदम दृष्टीस पडता कामा नये.

सन 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सुवर्णदुर्गाचा समावेश आहे. मुलांनी हा किल्ला आरंभण्यापूर्वी पालकांनी त्यांस एकदा हर्णैस न्यावे, किनाऱ्यावरून ते अंतर डोळ्यांनी पाहू द्यावे आणि मगच अंगणात दोरी धरून आखणी करावी. पुढील लेखांकात बुरूज, जंग्या आणि तोफांच्या जागा यांचा विचार करू.