एका शब्दाची किंमत

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेत नववी 'अ' आणि नववी 'ब' यांच्यात कबड्डीचा सामना झाला. मी पंच होतो. शेवटच्या चढाईत 'अ' वर्गाच्या खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला आणि मी त्याला बाद दिले. तो खेळाडू रागाने ओरडला, "सर फसवतात!" सामना 'ब' वर्गाने जिंकला, पण वाद काही संपला नाही. पुढचे दोन दिवस मधल्या सुट्टीत तोच विषय चालू होता. "पाय खरोखर बाहेर पडला होता का?" "परीक्षा जवळ आलेली असताना सामना ठेवलाच कशाला?" "'ब' वर्गाची आणि आपली दोस्ती कधी होणारच नाही!"

हा वाद ऐकताना माझ्या लक्षात आले, की यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला शिस्तीचा, दुसरा वेळापत्रकाचा आणि तिसरा दोन संघांमधील चुरशीचा. इंग्लंडमध्ये रग्बी या खेळाचे लाखो शौकीन आहेत. तेही अनेक वर्षांपासून याच तीन प्रश्नांवर वाद घालत आले आहेत. त्यांचा वाद समजून घेतला, तर आपलाही वाद आपल्याला अधिक नीट कळेल.

आधी या खेळाची ओळख करून घेऊ. रग्बी हे इंग्लंडमधील एका गावाचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शाळेत हा खेळ आकाराला आला, म्हणून खेळालाही तेच नाव मिळाले. प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन पळता येते. मात्र हाताने पुढे फेकता येत नाही. सोबत्याला तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूची शेवटची रेषा ओलांडून चेंडू जमिनीवर टेकवला, की ५ गुण मिळतात. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला पकडून खाली पाडण्याची मुभा असते. कबड्डीतील पकडीसारखाच हा प्रकार आहे, पण येथे दोघेही वेगाने धावत असतात. त्यामुळे धडक फार जोराची बसते. म्हणूनच खांद्याच्या वर, म्हणजे मान किंवा डोके, पकडण्यास सक्त मनाई आहे.

नियम मोडणाऱ्याला पंच पिवळे कार्ड दाखवतात. मग त्या खेळाडूला १० मिनिटे मैदानाबाहेर बसावे लागते. अपराध मोठा असेल तर लाल कार्ड मिळते. लाल कार्ड मिळालेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही आणि संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. सामन्यानंतर शिस्तपालन समिती त्याची चौकशी करते आणि त्याच्यावर काही आठवड्यांची बंदी घालू शकते.

पूर्वी हा खेळ हौशी होता. खेळण्याबद्दल पैसे घेणे नियमाविरुद्ध होते. उत्तर इंग्लंडमधील खेळाडू मात्र गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे मजूर होते. सामन्यासाठी काम सोडले की त्यांची मजुरी बुडे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, ही मागणी मान्य झाली नाही. तेव्हा १८९५ मध्ये उत्तरेकडील क्लब वेगळे झाले आणि त्यांच्यातून 'रग्बी लीग' हा निराळा खेळ तयार झाला. मूळच्या खेळाला 'रग्बी युनियन' म्हणू लागले. त्यात खेळाडूंना उघडपणे पगार घेण्याची परवानगी मिळाली ती शंभर वर्षांनी, १९९५ मध्ये. पगार आला आणि खेळ हाच खेळाडूंचा व्यवसाय झाला. दिवसभर सराव करणारे खेळाडू अधिक बलवान व वेगवान झाले. धडका वाढल्या आणि त्यांबरोबर वादही वाढले.

आता आपण इंग्लंडच्या मध्यभागी जाऊ. तेथे लेस्टर आणि नॉर्थम्प्टन ही दोन शहरे आहेत. त्यांच्यात सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आहे. दोन्ही शहरांचे रग्बी क्लब एकाच वर्षी, १८८० मध्ये, स्थापन झाले. लेस्टरच्या संघाला 'टायगर्स', म्हणजे वाघ, म्हणतात. नॉर्थम्प्टनचा क्लब सेंट जेम्स या चर्चमधील एका पाद्रीने सुरू केला, म्हणून त्याला 'सेंट्स', म्हणजे संत, असे नाव पडले. या वाघांची आणि संतांची चुरस आजोबांकडून नातवाकडे चालत आलेली आहे. वर्षभर सगळे सामने हरले तरी चालतील, पण शेजाऱ्यांशी हरता कामा नये, असे तेथील शौकीन म्हणतात.

२५ मे २०१३ रोजी लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंडच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोरासमोर होते लेस्टर आणि नॉर्थम्प्टन. डिलन हार्टली हा नॉर्थम्प्टनचा कर्णधार होता, तर पंच होते वेन बार्न्स. काही वेळापूर्वीच त्यांनी हार्टलीला जिभेवर ताबा ठेवण्याची ताकीद दिली होती. मध्यंतर अगदी जवळ आले असताना हार्टली पुन्हा बोलला. त्याने अपशब्द वापरून 'लबाड' म्हटल्याचे पंचांनी ऐकले आणि लगेच लाल कार्ड दाखवले. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एखाद्या खेळाडूला बाहेर काढण्याची ती पहिलीच वेळ होती. उरलेला सामना नॉर्थम्प्टनला चौदा खेळाडूंनिशी खेळावा लागला. लेस्टरने तो ३७–१७ असा जिंकला.

आपण पंचांना नव्हे, तर प्रतिस्पर्धी खेळाडूला तसे म्हणालो, असे हार्टलीने समितीपुढे सांगितले. समितीने ते मानले नाही आणि त्याच्यावर ११ आठवड्यांची बंदी घातली. त्याच उन्हाळ्यात 'ब्रिटिश अँड आयरिश लायन्स' हा चार देशांच्या निवडक खेळाडूंचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाणार होता. हा दौरा ऑस्ट्रेलियात बारा वर्षांतून एकदाच होतो. हार्टलीची त्यात निवड झाली होती, पण बंदीमुळे त्याला दौऱ्याला मुकावे लागले. एका शब्दाने त्याच्या संघाचे आणि त्याचे स्वतःचे किती नुकसान केले पाहा!

यावर शौकिनांत दोन तट पडले. काही जण म्हणाले, "खेळाडूने कोणाला मारले नाही, कोणाला जखमी केले नाही. केवळ बोलण्यासाठी अंतिम सामन्याची मजा का घालवायची?" दुसरे म्हणाले, "तीस दांडगे खेळाडू एकमेकांवर धडकत असताना मध्ये एकटा पंच उभा असतो. त्याच्याजवळ काठी नसते, शिट्टी असते. त्या शिट्टीचा मान गेला तर खेळाची मारामारी व्हायला कितीसा वेळ लागेल?" मला हे दुसरे म्हणणे पटते. पंचही माणूस आहे, त्याच्याकडून चूक होऊ शकते. त्यासाठी दाद मागण्याची रीत असते. परंतु त्याची नियत खोटी ठरवली, की कोणताच निर्णय कोणाला मान्य राहत नाही.

लाल कार्ड मिळाले म्हणजे सामना हातातून गेलाच, असेही नाही. पुढच्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, उपांत्य सामन्यात हेच दोन संघ पुन्हा भेटले. नॉर्थम्प्टनच्या एका खेळाडूने ठोसा मारला आणि त्याला बाहेर जावे लागले. तरीही उरलेल्या चौदा जणांनी धीर सोडला नाही. शेवटच्या काही मिनिटांत गुण मिळवून त्यांनी सामना २१–२० असा जिंकला. नंतर अंतिम सामन्यात सॅरसन्स या संघाला हरवून ते प्रथमच विजेते झाले.

अलीकडे लाल कार्डाविषयी नवा वाद सुरू झाला आहे. खेळाडूला बाहेर काढल्यावर २० मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा खेळाडू येऊ द्यावा, असा पर्याय पुढे आला. २०२५ च्या सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत तो वापरण्यात आला. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्या संघाला आणि पैसे भरून आलेल्या प्रेक्षकांना नको, असे त्याच्या बाजूचे लोक म्हणतात. विरोध करणारे म्हणतात, की शिक्षा सौम्य झाली तर डोक्यावरच्या धडका थांबणार नाहीत.

ही भीती खोटी नाही. स्टीव्ह थॉम्पसन हा खेळाडू अनेक वर्षे नॉर्थम्प्टनकडून खेळला. २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात तो होता. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, त्याने आपल्याला स्मृतिभ्रंशाचा आजार झाल्याचे जाहीर केले. खेळताना डोक्याला पुन्हा पुन्हा बसलेले हादरे हेच त्याचे कारण, असे त्याचे म्हणणे आहे. विश्वचषक जिंकल्याचा तो दिवस त्याला आठवत नाही! तो आणि आणखी काही माजी खेळाडू खेळाच्या संघटनांविरुद्ध न्यायालयाकडे गेले. थॉम्पसनची हकीकत कळल्यावर लाल कार्डाचा प्रश्न केवळ हारजितीचा राहत नाही.

येथूनच दुसरा प्रश्न निघतो, तो वेळापत्रकाचा. इंग्लंडमधील क्लबांचा मोसम शरद ऋतूत सुरू होतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. साखळी सामने, युरोपातील क्लबांची स्पर्धा आणि त्यात देशासाठी खेळायचे सामने! फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा राष्ट्रांची स्पर्धा असते. कित्येक वर्षे त्याच आठवड्यांत क्लबांचे सामनेही होत असत. मग वर्षभराचे तिकीट काढलेला प्रेक्षक कुरकुर करी, "ज्यांना पाहायला आलो, ते तर येथे नाहीतच!" खेळाडूंच्या शरीराला विश्रांती मिळेना. अखेर २०१९ मध्ये एका खेळाडूने मोसमात जास्तीत जास्त ३५ सामने खेळावेत, अशी मर्यादा इंग्लंडमध्ये ठरली.

"मग सामनेच कमी करा," असे तुम्ही म्हणाल. पण हिशेब इतका सोपा नाही. सामना झाला तरच तिकिटे विकली जातात आणि त्यातून खेळाडूंचे पगार निघतात. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब कर्जात बुडाले. २०२३ मध्ये लंडन आयरिश या क्लबचीही तीच गत झाली. सर्वोच्च स्पर्धेत दहाच क्लब उरले. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो, म्हणून साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला १८ सामने येऊ लागले. सामने जास्त ठेवले तर खेळाडू थकतो; कमी ठेवले तर क्लबाची तिजोरी रिकामी होते. बुडालेल्या क्लबांच्या शौकिनांना विचारा, जुना प्रतिस्पर्धी असणे हेसुद्धा किती मोठे भाग्य आहे, हे ते सांगतील.

तिसरा प्रश्न चुरशीचा. लेस्टर आणि नॉर्थम्प्टन यांच्या सामन्याला मैदान भरून जाते. तरीही दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगवेगळ्या कठड्यांमागे नसतात. शेजारीशेजारी बसूनच ते सामना पाहतात, एकमेकांची थट्टा करतात आणि सामना संपल्यावर एकाच फाटकातून बाहेर पडतात. मैदानावर अजून एक जुनी रीत पाळली जाते. सामना संपला, की एक संघ दोन ओळी करून उभा राहतो आणि दुसरा संघ त्या ओळींमधून जाताना त्याच्यासाठी टाळ्या वाजवतो; मग दुसरा संघही तसेच करतो. ऐंशी मिनिटे ज्यांच्याशी झुंजलो, त्यांच्यामुळेच आपल्याला खेळता आले, याची ती कबुली असते.

हार्टलीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. त्यानंतरही त्याच्यावर बंदी आलीच. तरी २०१६ मध्ये त्याला इंग्लंडचा कर्णधार नेमण्यात आले. ज्या ऑस्ट्रेलियाला २०१३ मध्ये त्याला जाता आले नव्हते, तेथे तो कर्णधार म्हणून गेला आणि त्याच्या संघाने तिन्ही सामने जिंकले. चूक झाली म्हणून माणूस कायमचा बाद होत नाही. मात्र झालेले नुकसानही परत मिळत नाही.

आता आमच्या शाळेतील त्या मुलाकडे वळू. आठ दिवसांनी आठवीच्या दोन वर्गांचा सामना होता. मी शिट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "आज तू पंच." तो आधी हसला. नंतर वीस मिनिटे घाम पुसत रेषेकडे पाहत राहिला. दोनदा दोन्ही संघ त्याच्यावर ओरडले. सामना संपल्यावर शिट्टी परत देताना तो हळूच म्हणाला, "सर, एका वेळी सगळ्यांचे पाय दिसतच नाहीत."

"मग तू काय केलेस?" मी विचारले.

"जे दिसले, तेच सांगितले," तो म्हणाला.

स्वाध्याय

१. हार्टलीच्या एका शब्दामुळे कोणकोणते नुकसान झाले?
२. सामन्यांची संख्या कमी करणे क्लबांना कठीण का जाते?
३. '२० मिनिटांचे लाल कार्ड' योग्य आहे का? दोन्ही बाजू लिहून आपले मत मांडा.
४. पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तर तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळी लिहा.