उड्डाण-प्रगती पट्टी

हवाई वाहतूक नियंत्रक आपल्या ताब्यातील विमानाची ओळख, मार्ग, उंची आणि निरनिराळ्या स्थानांवरील वेळा ज्या अरुंद कागदी पट्टीवर नोंदवितो, तिला ‘उड्डाण-प्रगती पट्टी’ असे म्हणतात. विमानतळाच्या मनोऱ्यात सामान्यतः एका उड्डाणास एक पट्टी पुरते. मार्गावरील विमानांचे नियमन करणाऱ्या क्षेत्र नियंत्रण केंद्रात मात्र विमान ज्या ज्या नोंदबिंदूंवरून जाणार असेल, त्यांपैकी प्रत्येकासाठी स्वतंत्र पट्टी ठेवण्याची पद्धत आहे.

इतिहास : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात रेडिओ नव्हता आणि आकाशात गर्दीही नव्हती. अमेरिकेत मात्र वाहतूक वाढल्यामुळे विमान कंपन्यांनी डिसेंबर १९३५ मध्ये नूअर्क येथे मार्ग-नियंत्रण केंद्र सुरू केले. १९३६ मध्ये ते शासनाने आपल्याकडे घेतले. प्रारंभी वैमानिकांनी कळविलेल्या वेळा फळ्यावर लिहीत आणि नकाशावर लहान खुणा हाताने सरकवीत. विमानांची संख्या वाढताच ही रीत अपुरी पडली. फळ्यावरील नोंद जागची हलविता येत नाही, सुटी पट्टी मात्र हवी तेथे ठेवता येते. या सोयीमुळे पट्ट्यांचा वापर रूढ झाला.

रचना व नोंदी : पट्टी सु. २० सेंमी. लांब आणि सु. २·५ सेंमी. रुंद असते. ती प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या धारकात बसवून उतरत्या फळीवर एकाखाली एक लावतात. तिच्यावर ठरावीक चौकटी असून त्यांत विमानाचे हाकचिन्ह, प्रकार, वेग, निघण्याचे व पोहोचण्याचे विमानतळ, मार्ग, रडार-प्रतिसादकाचा चार अंकी संकेतांक, अपेक्षित वेळ आणि उड्डाणपातळी या बाबी लिहितात. मूळ माहिती कंपनीने वा वैमानिकाने अगोदर सादर केलेल्या उड्डाणयोजनेतून मिळते. काही देशांत रंगभेदही पाळतात, उदा., ब्रिटनमध्ये निघणाऱ्या विमानासाठी निळी व येणाऱ्यासाठी पिवळी पट्टी वापरण्याची पद्धत आहे.

सर्व वेळा जागतिक समन्वित वेळेत लिहितात. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे मागे असते. म्हणजे मुंबईत सकाळचे १० वाजले असता पट्टीवर ०४३० असे लिहिले जाईल. उड्डाणपातळी शेकडा फुटांत सांगतात, पातळी ३३० म्हणजे प्रमाण वायुदाबानुसार मोजलेली ३३,००० फूट (सु. १०,०६० मी.) उंची होय. चढत्या, उतरत्या व स्थिर उड्डाणासाठी बाणांच्या खुणा आहेत. जुनी नोंद खोडरबराने पुसत नाहीत. ती वाचता येईल अशा बेताने एकच रेघ मारून शेजारी नवी लिहितात. त्यामुळे विमानास कोणत्या क्रमाने कोणत्या पातळ्या दिल्या, हे पट्टी पाहताच समजते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कागदी पट्ट्या किमान ३० दिवस जपून ठेवाव्या लागतात. अपघाताच्या चौकशीत त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

उपयोगाची रीत : मुंबई व दिल्ली यांना जोडणारी सरळ रेषा नंदुरबार जिल्ह्यावरून, सातपुड्यातील तोरणमाळच्या पश्चिमेकडून जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग या रेषेपासून थोडेफार वळतात. तथापि केवळ उदाहरणासाठी तोरणमाळ हा नोंदबिंदू मानू. ‘क’ हे दिल्लीकडे जाणारे विमान पातळी ३३० वर असून तेथे ०४५८ वाजता पोहोचणार आहे. मागून त्याच पातळीवर येणाऱ्या ‘ख’ विमानाची अपेक्षित वेळ ०५०४ आहे. नोंदबिंदूच्या पट्ट्या वेळेच्या क्रमाने लावलेल्या असल्याने या दोन पट्ट्या शेजारी येतात आणि ‘पातळी एक, अंतर सहा मिनिटे’ ही गोष्ट तत्काळ नजरेस पडते. रडार नसताना एका मार्गावरील, एकाच पातळीवरच्या विमानांत सामान्यतः दहा मिनिटांचे अंतर लागते. म्हणून ‘ख’ला दुसरी पातळी देणे भाग पडते. पूर्वेच्या बाजूस जाणाऱ्या विमानांना विषम व पश्चिमेच्या बाजूस जाणाऱ्यांना सम पातळ्या देण्याचा नियम असल्यामुळे नियंत्रक ३५० चा विचार करतो. परंतु तेथवर चढताना ‘ख’ला ३४० ही पातळी ओलांडावी लागेल. त्या पातळीवर समोरून मुंबईकडे येणारे विमान असेल, तर त्याची पट्टी पाहून ते पार होईपर्यंत थांबावे लागते. असा प्रश्न शिल्लक असेपर्यंत संबंधित पट्टी धारकासह किंचित तिरपी ठेवतात. ती तिरपी पट्टी हीच नियंत्रकाची आठवण.

भारतात २७ नोव्हेंबर २००३ पासून २९० ते ४१० या पातळ्यांमधील उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आणण्यात आले. त्यामुळे अधिक पातळ्या उपलब्ध झाल्या, पण चुकीला राहणारी मोकळीक कमी झाली.

मर्यादा : पट्टीवर दिलेली आज्ञा आणि वैमानिकाने कळविलेली स्थिती एवढेच लिहिलेले असते, विमान खरोखर त्या उंचीवर आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीहून निघालेल्या विमानास १४,००० फूट आणि दिल्लीकडे येणाऱ्या विमानास १५,००० फूट अशा सुरक्षित उंच्या दिलेल्या होत्या. येणारे विमान मात्र दिलेल्या उंचीच्या खाली उतरले. दिल्लीच्या तत्कालीन रडारवर विमानाची उंची उमटत नसल्याने नियंत्रकास ते दिसले नाही. यानंतर उंची दर्शविणारे दुय्यम रडार आणि विमानांतील टक्कररोधक यंत्रणा यांची निकड सर्वमान्य झाली.

पट्टी जागेवर नसणेही धोक्याचे ठरते. १ फेब्रुवारी १९९१ रोजी लॉस अँजेल्स विमानतळावर एका विमानाची पट्टी सापडत नसल्याने नियंत्रकाचे लक्ष तिकडे गुंतले. तेवढ्यात धावपट्टीवर थांबवून ठेवलेल्या दुसऱ्या लहान विमानाचे विस्मरण होऊन त्याच धावपट्टीवर मोठ्या विमानास उतरण्याची अनुज्ञा दिली गेली. त्या टकरीत तिसाहून अधिक लोक दगावले.

आधुनिक स्वरूप : प्रारंभी हाताने लिहिल्या जाणाऱ्या पट्ट्या संगणक आल्यावर छापून मिळू लागल्या. पुढे कॅनडासारख्या देशांत पडद्यावरील विद्युतीय पट्ट्या आल्या, तर युरोपातील मास्ट्रिख्त केंद्राने पट्टीचा वापरच सोडला. पडद्यावरील नोंद एकाच वेळी अनेक केंद्रांना दिसते आणि पातळ्यांमधील विरोध यंत्र स्वतःही दाखवू शकते. मात्र फ्रान्समधील नियंत्रकांचा अभ्यास करून वेंडी मॅके यांनी १९९९ मध्ये असे दाखविले, की पट्टी हाताने लिहिणे, सरकविणे व शेजाऱ्याच्या हाती देणे या क्रियांमुळेच आकाशाचे चित्र नियंत्रकाच्या मनात पक्के होते. म्हणून पट्टीच्या जागी येणाऱ्या कोणत्याही साधनात तिचे दोन गुण उतरावे लागतात : केलेला प्रत्येक बदल मागे दिसत राहिला पाहिजे आणि न सुटलेला प्रश्न नजरेआड होता कामा नये.